हृदयविफलतेत छातीत साचणारे पाणी व रोपित उपकरणे

हृदय दुबळे झाले की रक्त पुढे ढकलणे त्याला झेपत नाही. मागे दाब वाढतो आणि फुफ्फुसांत पाणी साचू लागते. पाय सुजेपर्यंत, रात्री आडवे झाल्यावर धाप लागेपर्यंत बरेच पाणी साचलेले असते. छातीत आधीच बसवलेले आयसीडी (जीवघेणे ठोके विजेच्या झटक्याने थांबवणारे) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारे) उपकरण हे त्याआधी ओळखू शकते.

हृदयाच्या उजव्या जवनिकेतील (खालच्या कप्प्यातील) तार आणि गळपट्टीच्या हाडाखालची उपकरणाची डबी यांच्यामध्ये अतिसूक्ष्म वीजप्रवाह सोडला जातो. वाटेत फुफ्फुस असते. हवा विजेला अडवते, पाणी तिला वाट देते. म्हणून पाणी वाढले की ओहममध्ये मोजला जाणारा विद्युतरोध उतरतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात ही उतरण त्रास वाढण्यापूर्वी सरासरी १५ दिवस सुरू झाली होती. न्यूमोनिया झाला किंवा डबीभोवती सूज आली, तरीही आकडा उतरतो.

इशारा मिळाला म्हणजे रुग्ण वाचला, असे मात्र नाही. २०११ च्या ३३५ रुग्णांच्या चाचणीत उपकरण बीप वाजवून रुग्णालाच सावध करत होते. त्या गटात हृदयविफलतेसाठी दाखल होण्याचे प्रमाण उलट वाढले. आकड्यासोबत लक्षणे, वजन आणि औषधे पाहणारे माणूस हवेच. करमाळा किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या रुग्णाचे आकडे उशाजवळचे यंत्र मोबाइल नेटवर्कवरून पाठवते, पण ते वाचून फोन करणारे कुणी सोलापुरात नेमलेले नसेल, तर त्या आकड्यांचा उपयोग नाही.

इथे चढता आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांपुढे जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना घाम फार गेला की शरीर कोरडे पडते आणि विद्युतरोध वाढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून डोस कमी करावा लागू शकतो. जेवणात शेंगा चटणी, पापड, लोणचे रोज असेल, तर मिठामुळे आकडा उलट बाजूला झुकतो.

फुफ्फुसाच्या धमनीत बसवायचा बॅटरीविना चालणारा दाबमापक हा वेगळा मार्ग. ५५० रुग्णांच्या चाचणीनंतर अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

आयसीडी किंवा सीआरटी केवळ पाणी मोजण्यासाठी बसवत नाहीत. ज्यांना ते नाही, त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे; तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.