कॅनडाची पीआर : भारतातल्या नोकरीचा अनुभव कसा मोजतात?

कॅनडात एक दिवसही काम न करता, केवळ भारतात किंवा दुबई-मस्कतला केलेल्या नोकरीच्या जोरावर पीआरसाठी, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्याच्या हक्कासाठी, पात्र ठरता येतं. त्या योजनेचं नाव फेडरल स्किल्ड वर्कर प्रोग्राम. अर्ज एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. ती जानेवारी २०१५ पासून सुरू आहे. क्यूबेक प्रांताची निवड वेगळी चालते, त्यामुळे माँट्रियललाच राहायचं असेल तर हा मार्ग नाही.

आपल्याकडे बहुतेक जण आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावून सुरुवात करतात. माझं मत विचाराल तर आधी एचआरशी बोला, तेही नोकरीत असतानाच. का, ते सांगतो.

अट अशी : गेल्या १० वर्षांत, एकाच प्रकारच्या कामाचा, सलग किमान १ वर्षाचा पगारी अनुभव हवा. वर्ष म्हणजे १,५६० तास, आठवड्याला ३० या हिशेबाने. तुम्ही आठवड्याला ४८ तास राबत असाल तरी ३०च धरले जातात, त्यामुळे वर्ष लवकर भरत नाही. उलट आठवड्याला १५ तासांची अर्धवेळ नोकरी २४ महिने केली असेल तर ती चालते. बिनपगारी इंटर्नशिप किंवा स्वयंसेवा धरत नाहीत. ‘सलग’ हा शब्द मात्र बघून घ्या. आठ महिने एका कंपनीत, मग तीन महिने घरी आणि पुन्हा आठ महिने दुसरीकडे, अशाने बेरीज सोळा झाली तरी अट पूर्ण होत नाही.

आता काम कोणतं? कॅनडाच्या व्यवसाय-यादीत प्रत्येक कामाला पाच अंकी एनओसी कोड आहे (एनओसी हे त्या यादीचंच नाव, आपलं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हे). त्यातला दुसरा अंक कौशल्याची पातळी सांगतो. तो ०, १, २ किंवा ३ असला पाहिजे. नर्सचा कोड ३१३०१, म्हणजे पातळी १. वेल्डर ७२१०६, पातळी २. दोघंही पात्र. गडबड होते ती अकाउंट्सवाल्यांची. पदनाम ‘अकाउंटंट’ असलं तरी काम नुसतं बिलं नोंदवण्याचं असेल तर कोड १४२०० येतो, पातळी ४, आणि अर्ज तिथेच संपतो. पूर्ण हिशेबाची पुस्तकं सांभाळत असाल तर १२२००, पातळी २, आणि तुम्ही पात्र. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला किंमत नाही. रोज टेबलावर काय करता, ते त्या कोडच्या वर्णनाशी जुळलं पाहिजे.

आणि हे सिद्ध करायला लागतं कंपनीचं पत्र. आपल्याकडचं एक्सपिरियन्स लेटर तीन ओळींचं असतं : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कॅनडाच्या अधिकाऱ्याला याचा काही उपयोग नाही. त्याला लेटरहेडवर कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल हवा. तुम्ही भूषवलेलं प्रत्येक पद आणि त्याच्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते हवेत. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कामाचं स्वरूप, आणि खाली वरिष्ठाची किंवा एचआरची नाव-हुद्द्यासह सही. नोकरी सोडून चार वर्षं झाल्यावर असं पत्र मागायला गेलात की साहेब बदललेला असतो आणि एचआर ‘आमचा फॉरमॅट एवढाच आहे’ म्हणून हात वर करतं. म्हणून राजीनाम्याच्या नोटीस काळातच मजकूर स्वतः लिहून द्या. तो कॅनडाच्या साइटवरचं त्या कोडचं वर्णन जसंच्या तसं उतरवलेला नसावा. तसली पत्रं लगेच संशयात येतात. कंपनी नाहीच म्हणाली तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि पत्र का मिळालं नाही याचा खुलासा जोडता येतो, पण ती दुसऱ्या नंबरची सोय आहे.

भाषेची किमान पातळी चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषा मोजायची पट्टी) ७, म्हणजे आयईएल्टीएस जनरल ट्रेनिंगमध्ये प्रत्येकी ६. अकॅडमिक परीक्षा चालत नाही. निकाल २ वर्षं टिकतो. पदवीचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या मान्य संस्थेकडून करून घ्यायचं. त्यासाठी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढावं लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून हेही आधीच सुरू करा. अहवाल ५ वर्षं चालतो.

मग पात्र ठरायला १०० पैकी ६७ गुण लागतात. एक हिशेब करून बघू. वय ३४, गुण १२. बीई, २१. पाच वर्षांचा अनुभव, १३. इंग्रजी चारही भागांत सीएलबी ८, गुण २०. बेरीज ६६, एका गुणाने हुकलं! इथे जोडीदार कामाला येतो : बायकोने किंवा नवऱ्याने परीक्षा देऊन नुसती सीएलबी ४ गाठली तरी ५ गुण मिळतात. कॅनडात राहणारे नागरिक किंवा पीआर असलेले सख्खे भाऊ-बहीण, काका-मामा, आत्या-मावशी असतील तरी ५. चुलत-मामे भावंडं चालत नाहीत, कितीही जवळची असली तरी.

६७ मिळाले म्हणजे फक्त रांगेत उभं राहता आलं. पुढे १,२०० पैकी दुसरी गुणवारी, म्हणजे गुणांनुसार क्रमवारी, लागते. त्यातल्या वरच्यांना अर्जाचं आमंत्रण येतं, आणि तिथे परदेशातल्या अनुभवाला एकट्याने शून्य किंमत आहे. तीन किंवा जास्त वर्षांच्या अनुभवाला सीएलबी ७-८ सोबत २५ गुण मिळतात, चारही भागांत सीएलबी ९ असेल तर ५०. सीएलबी ९ म्हणजे लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, याचं उत्तर इथे आहे. तरीही कटू गोष्ट अशी की २०२५ मध्ये बहुतेक आमंत्रणं कॅनडात आधीच काम करणाऱ्यांना, प्रांतांनी निवडलेल्यांना, फ्रेंच येणाऱ्यांना आणि आरोग्यसेवेसारख्या ठरावीक व्यवसायांना गेली. प्रांताचं नामांकन मिळालं तर ६०० गुण वाढतात, म्हणून पुण्यात बसलेल्या आयटीवाल्याने प्रांतांच्या योजना बघाव्यातच.

आमंत्रण आलं की अर्जाला ६० दिवस. गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, जिथे जिथे सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. भारताचं पासपोर्ट सेवा केंद्रातून, आखातातलं तिथल्या पोलिसांकडून. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे करावी लागते. हाती पुरेसे पैसे आहेत हे दाखवायला बँकेचं पत्र लागतं. त्यात सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि कर्जं हवीत. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे एकट्याला १५,२६३, तर चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा दरवर्षी बदलतो. फ्लॅटची किंमत किंवा मेहुण्याकडून उसने घेतलेले पैसे यात धरत नाहीत.

प्रोफाइल स्वतः, फुकट भरता येतं. एजंट घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या कन्सल्टंट कॉलेजच्या ऑनलाइन नोंदवहीत त्याचं नाव तपासा. ‘जॉब ऑफर आणून देतो, गुण वाढतील’ असं कोणी सांगत असेल तर २५ मार्च २०२५ पासून त्या दुसऱ्या गुणवारीत जॉब ऑफरचे गुणच काढून टाकले आहेत. शिवाय खोटं पत्र सापडलं तर ५ वर्षं बंदी येते, आणि ती एजंटवर नाही, अर्जदारावर.