लेकॉक आणि हिंटन: एका काउंटेसच्या दोन मठांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील विल्टशायरचा लेकॉक आणि सॉमरसेटचा हिंटन हे दोन्ही मठ सॉल्सबरीची काउंटेस एला हिने स्थापन केले. परंपरेनुसार दोन्हींचा स्थापनादिन एकच, 16 एप्रिल 1232, मानला जातो. सकाळी एक, दुपारी दुसरा, असे सांगितले जाते. मात्र ही स्थापना केवळ भक्तीपोटी झाली असे मानले, तर त्यामागचा जमिनीचा आणि वारशाचा प्रश्न नजरेआड होतो.

एलाचे वडील, सॉल्सबरीचे अर्ल (ही वरच्या दर्जाची सरदारी पदवी; काउंटेस हे तिचेच स्त्रीरूप) विल्यम, 1196 मध्ये वारले आणि दहा वर्षांचीही न झालेली ही मुलगी माहेरच्या साऱ्या जहागिरीची एकुलती एक वारस ठरली. अशा वारसदार मुलीचे लग्न ठरवणे हा त्या काळी राजाचा हक्क होता. राजा रिचर्डने तिचा हात आपला सावत्र भाऊ विल्यम लाँगस्पे याला दिला. हा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस पुत्र, आणि त्याला अर्लपद मिळाले ते पत्नीमुळे.

1225-26 च्या हिवाळ्यात फ्रान्समधील गॅस्कनीहून परतताना लाँगस्पेचे जहाज वादळात सापडले आणि तो बुडाल्याची वार्ता पसरली. तेव्हा राज्याचा मुख्य न्यायाधिकारी ह्यूबर्ट डी बर्ग याने आपल्या पुतण्यासाठी एलाला मागणी घातली, असे समकालीन बखरकार लिहितात. पती जिवंत असल्याची पत्रे आपल्याला आली आहेत, आणि तसे नसते तरी हे स्थळ आपल्या कुळाला शोभणारे नाही, असे तिने सुनावले. लाँगस्पे खरोखरच परतला, पण मार्चमध्ये वारला, आणि ह्यूबर्टने विष घातल्याची कुजबुज सुरू झाली. 1791 मध्ये सॉल्सबरी कॅथीड्रलमधील त्याची कबर उघडली, तेव्हा कवटीत एक मेलेला उंदीर सापडला व त्याच्या अंगात आर्सेनिकचा अंश आढळला, असे सांगतात. तो उंदीर सॉल्सबरीच्या संग्रहालयात आहे. उंदरावरून खून सिद्ध होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये, हे कलम राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेत 1215 पासून होते. पण कलम असणे आणि दरबारातल्या बड्या माणसाला ठाम नकार देणे यांत अंतर असते. एलाने पुन्हा लग्न केले नाही. उलट तिने विल्टशायरचे शेरीफपद, म्हणजे परगण्यातील राजाच्या मुख्य अधिकाऱ्याचे पद, स्वतः सांभाळले, तेही दोनदा. एखाद्या बाईने ते चालवणे हा त्या काळी मोठाच अपवाद होता. अर्लपदाचा हक्क तिच्याकडूनच चालत आलेला असल्यामुळे, ती जिवंत असेतो थोरल्या मुलाला ते पद मिळाले नाही.

दोन्ही मठ या पार्श्वभूमीवर उभे राहिले. हिंटन हे खरे तर पतीचे अपुरे राहिलेले काम होते: लाँगस्पेने कार्थुसियन भिक्षूंना ग्लॉस्टरशायरमधील हॅथरॉप येथे वसवले होते, पण ती जागा त्यांना मानवली नाही, म्हणून एलाने त्यांना हिंटनला जमीन दिली. या पंथातला प्रत्येक भिक्षू आपल्या स्वतंत्र खोलीत, छोट्याशा बागेसह, एकटा राहतो. जेवण आत सरकवण्याचा भिंतीतला झरोका असा वळणाचा बांधत, की देणारा आणि घेणारा एकमेकांना दिसू नयेत.

लेकॉक मात्र तिचे स्वतःचे होते. ऑगस्टिनियन धर्मभगिनींच्या या मठाला तिने आपल्या जमिनी दिल्या, 1238 च्या सुमारास ती स्वतः तिथे दाखल झाली आणि लवकरच मठाध्यक्षा झाली. गावासाठी आठवडी बाजाराचा आणि मठासाठी मेल्कशमच्या जंगलातून लाकूड आणण्याचा हक्क हेन्री तिसऱ्याकडून मिळवण्यात तिचा कारभारी हात दिसतो. 1257 मध्ये ती पदावरून निवृत्त झाली आणि 24 ऑगस्ट 1261 रोजी तिचे निधन झाले.

आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये, दोन्ही मठ बंद झाले. लेकॉक विल्यम शॅरिंग्टनने विकत घेतला, चर्च पाडले आणि उरलेल्या इमारतीचे घर केले. त्याच घराच्या एका खिडकीचे, 1835 मध्ये छायाचित्रणाचा एक प्रणेता हेन्री फॉक्स टॅल्बट याने टिपलेले, निगेटिव्ह आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्र-निगेटिव्हांत गणले जाते. 1225 मध्ये पुन्हा जारी झालेल्या मॅग्ना कार्टाची मठात जपलेली प्रत आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. एलाची समाधिशिला मात्र लेकॉकलाच, मठाच्या ओवरीत आहे.