कोविड मृत्यू कुणाचा धरतात? ५० हजारांचा अर्ज आणि ‘फॉर्म ४’

कोविडनं गेलेल्या माणसाच्या वारसांसाठी सरकारी मदत म्हणून ५० हजार रुपये ठरले. त्या अर्जासाठी अनेक नातेवाईक नगरपालिकेच्या मृत्यूदाखल्यात ‘कोविड’ हा शब्द शोधत बसतात. तो तिथे सापडणार नाही. त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत. कारण असतं डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्म ४ वर, आणि मृत्यू घरी झाला असेल तर ४ अ वर. त्यात खालच्या ओळीला महत्त्व जास्त. वर ‘श्वसन निकामी’, त्याखाली ‘न्यूमोनिया’, सगळ्यात खाली मूळ कारण ‘कोविड’. मधुमेह, रक्तदाब वेगळ्या भागात. नुसतंच ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलं असेल तर पुढची धावपळ ठरलेली.

पात्रता ठरते केंद्राच्या सप्टेंबर २०२१च्या मार्गदर्शक सूचनांवर. आरटीपीसीआर किंवा अँटिजेन पॉझिटिव्ह हवी, नाहीतर रुग्णालयात दाखल असताना डॉक्टरांनी तपासण्यांवरून केलेलं कोविडचं निदान. चाचणीच्या किंवा निदानाच्या तारखेपासून ३० दिवसांत मृत्यू झाला, तर तो घरी झाला तरी चालतो. समजा, ५ एप्रिलला पॉझिटिव्ह, १६ला डिस्चार्ज आणि २ मे रोजी घरी मृत्यू: २७ दिवस, म्हणजे पात्र. डिस्चार्ज न मिळता त्याच ॲडमिशनमध्ये ३० दिवसांनंतर, समजा ४१व्या दिवशी, गेलेला रुग्णही धरतात. अपघात, खून, विषबाधा वगळल्या आहेत; ३० दिवसांतली आत्महत्या मात्र सर्वोच्च न्यायालयामुळे आत आली. दाखल्यात कारण नाही म्हणून अर्ज नाकारायचा नाही, हेही त्याच न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२१ला बजावलं.

अर्जासोबत अर्जदाराचं आधार, बँक खात्याचा तपशील, मृत्यूदाखला, चाचणीचा अहवाल आणि इतर वारसांची हरकत नसल्याचं स्वयंघोषणापत्र लागतं. चाचणी सापडत नसेल तर सीटी स्कॅनचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, केसपेपर जोडा. केसपेपरची प्रत रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मिळते, लेखी अर्ज करून मागा. कारणाबद्दल वाद असेल तर जिल्ह्याची तक्रार निवारण समिती कागद तपासते. ५०,००० रुपये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतात.

मुदतीचं काय? २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी २४ मार्चपासून ६० दिवस होते, नंतरच्या मृत्यूंसाठी ९० दिवस. खरोखरच्या अडचणीमुळे मुदत हुकली असेल, तर न्यायालयानं याच तक्रार निवारण समितीची वाट ठेवली होती. तिथे उशिराचं कारण कागदानिशी दाखवावं लागतं.