कोकणातील माध्यमिक शाळांचा नकाशा : पार्श्वभूमी

कोकण किनारपट्टीवरील बहुतेक जुनी हायस्कुले कोणत्याही सरकारी आराखड्यातून उभी राहिलेली नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढली, गावातल्या कुणी जागा दिली आणि बाजारपेठेच्या किंवा एस.टी. थांब्याच्या आसऱ्याने वर्ग सुरू झाले. या शाळांच्या जुन्या याद्या आजच्या नकाशावर बसवताना 1981 मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग आणि 2014 मध्ये झालेला पालघर या हद्दबदलांचा हिशेब ठेवावा लागतो, पण तो फार अवघड नाही.

खरा वाद अंतराच्या निकषाचा आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने प्रत्येक वस्तीपासून 5 किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी, असे उद्दिष्ट ठेवले. प्राथमिकसाठी 1 आणि उच्च प्राथमिकसाठी 3 किलोमीटर ही मर्यादा राज्याच्या 2011 च्या नियमांत आली. संगणकीय नकाशात हा निकष लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे शाळेभोवती वर्तुळ काढणे, आणि सोपी म्हणूनच ती रूढ झाली. घाटमाथ्यापलीकडच्या सपाट मुलखात ती एकवेळ खपून जाईल. वासिष्ठीच्या मुखाशी मात्र दापोली तालुक्यातले दाभोळ आणि गुहागर तालुक्यातले धोपावे अगदी समोरासमोर असले, तरी मध्ये खाडी आहे. फेरीबोट बंद असेल त्या दिवशी पार आत चिपळूणच्या बाजूने वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसते. हे पाणी वर्तुळाला दिसत नाही.

दुसरी अडचण वाडीची. जनगणना महसुली गाव मोजते, तर कोकणातले गाव डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांचे असते. गावठाणात हायस्कूल असले की नकाशावर संपूर्ण गावाची सोय झालेली दिसते. सड्यापलीकडच्या (कातळपठारापलीकडच्या) धनगरवाड्यातून पऱ्हे (ओढे) ओलांडत उतरणारी आठवीतली मुलगी त्यात कुठेच येत नाही. पायवाटेने लागणारा वेळ मोजणे हाच यावरचा योग्य उपाय होता, परंतु त्यासाठी प्रत्यक्ष फिरावे लागते, आणि तेवढी तसदी क्वचितच घेतली गेली.

स्थलांतर व घटता जन्मदर यांमुळे पट रोडावल्यानंतर नकाशाचा उपयोगही बदलला. 15 मार्च 2024 च्या संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या) निकषांमुळे कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांवर गदा आली असून, अशा शाळेचे भवितव्य ठरवताना ‘शेजारची शाळा 5 किलोमीटरच्या आतच आहे’ हे सांगायला तेच वर्तुळ हाताशी असते.