शाळेच्या दारातला फळा

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, एका प्राथमिक शाळेच्या फाटकाशेजारी काळा फळा आहे. रोज सकाळी चौथीतली दोन मुलं ओल्या फडक्यानं तो पुसतात, वाळेपर्यंत थांबतात आणि बाईंनी दिलेला कागद बघून लिहायला घेतात. वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख. उजवीकडे पट: मुलं, मुली, एकूण, हजर, गैरहजर. मध्ये सुविचार, त्याखाली दिनविशेष. आणि अगदी तळाशी, जागा उरली तर, 'सूचना'. मी गेले त्या दिवशी सूचना होती, 'उद्या शनिवार. सकाळची शाळा. पालकसभा ९ वाजता. आईनेच यावे असे नाही.' फाटकापाशी नातवाला सोडायला आलेली एक आजी उभी होती. तिनं फळ्याकडे बोट दाखवून विचारलं आणि पोरानं दप्तर सावरत तिला ते सगळं तेलुगूत सांगून टाकलं.

शाळेतल्या घडामोडी गावाला कळण्याची अशी ही साधी सोय. सध्या मात्र शाळांच्या बातम्या वेगळ्याच वाटेनं येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा कितीतरी वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना आपल्या शाळेबद्दलची ही गोष्ट वर्तमानपत्रातून समजली. शाळा दारात, मूल शाळेत आणि बातमी मात्र बाहेरून. हे आजचं नाही. शाळेची बातमी कुणी कुणाला सांगायची, याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि तो शाळा कुणाची या प्रश्नाला चिकटूनच चालत आला आहे.

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न नव्हता. ओसरीवर नाहीतर देवळात मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी आणि पाढे शिकायची. पंतोजीला शिधा घरातून जायचा, त्यामुळे पोरगं काय शिकतंय हे घराला ठाऊक असायचं. अर्थात ज्यांच्या घरातून शिधा जात होता त्यांच्यापुरतंच. गावकुसाबाहेरच्या मुलांना आणि बहुतेक सगळ्या मुलींना ती ओसरी बंदच होती.

मुंबई इलाख्यात १८६० नंतर लोकल फंड आला. जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा पट्टी आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाला. म्हणजे गावच्या शाळेसाठी पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ लागला. त्या पैशाचं काय झालं, किती शाळा निघाल्या, त्यात कुणाची मुलं बसली, हे विचारण्याची सोय मात्र त्याला कुठेच नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली, शिक्षणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच मांडलं. सरकारी उत्पन्न कष्टकऱ्यांच्या घामातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे झुकतो, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. शाळेच्या कारभाराचा हिशेब मागणारं इतकं स्पष्ट मराठी मन त्याआधी सरकारदरबारी बोललेलं नव्हतं, असं मला वाटतं.

खेड्यातल्या मास्तरांचं स्थान याच काळात पक्कं झालं. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस गावात बहुधा एकटाच. पुष्कळ गावांत पोस्टाचं कामही त्यांच्याकडे असायचं. मनिऑर्डर त्यांनीच द्यायची, पत्र त्यांनीच वाचून दाखवायचं, उत्तरही त्यांनीच लिहायचं. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० साली आली. शहरातून 'कल्पतरू'सारखं पत्र निघू लागलं होतं, पुण्यामुंबईची पत्रंही येत. एक अंक गावात आला की संध्याकाळी चावडीवर किंवा पारावर मास्तर तो मोठ्यानं वाचत. म्हणजे बातमी शाळेच्या वाटेनं गावात यायची, जगाची खबर मास्तरांच्या तोंडून. शाळेची स्वतःची खबर कुणाला सांगावी अशी मात्र पद्धत नव्हती. इन्स्पेक्टर यायचे, तपासणी व्हायची, शेरेबुकात शेरा पडायचा आणि तो शेरा तालुक्याला जायचा.

शहरातली गोष्ट निराळी होती. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला आजही सगळे 'जुनी मिल' म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या, त्यांच्यामागे माणसं आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड बोलणारे तर शेजारच्या मुलखातलेच. उर्दू बोलणारे विणकर होते, खेड्यातून आलेले मराठी मजूर होते. गिरणीच्या भोंग्यावर घरं चालायची. अशा गावात 'शाळा' एका भाषेची असूच शकत नव्हती. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा सोलापुरात उभ्या राहिल्या. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आजही भरतात. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली. तिची पुस्तकं इतक्या माध्यमांत का निघतात, हे पुण्यात बसून समजत नाही. सोलापुरातल्या एका पेठेतून चक्कर मारली की समजतं.

कायदा हळूहळू मागून येत होता. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्यानं नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार दिला. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती आल्या. शहरात 'म्युनिसिपालिटीची शाळा नंबर अमुक' ही ओळख रुळली. आजही जुनी माणसं शाळेचं नाव न सांगता नंबरच सांगतात.

याच काळातली एक सोलापुरी घटना मला फार मोलाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेनं आपलं विद्यार्थी वसतिगृह काढलं ते मुंबईत नव्हे, तर १९२५ साली सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. हे वसतिगृह हायस्कुलातल्या मुलांसाठी होतं, प्राथमिक शाळेसाठी नव्हे, तरी ते इथं आणायलाच हवं. कारण तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. ज्यांना शाळेच्या ओसरीवर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांची मुलं अंक काढत होती. शिकणाऱ्यानं आपली बातमी आपण लिहायची, हा विचार सोलापुरात शंभर वर्षांपूर्वी असा रुजला. आज शाळाशाळांतून हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं निघतात, त्यांची वंशावळ कुणी मांडली तर या मासिकाला त्यात मानाचं पान द्यावं लागेल.

आणि मग १९३०. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. महाराष्ट्रातल्या इतर शाळांच्या फळ्यावर १२ जानेवारीला जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती असते. सोलापुरात या दोन ओळींखाली तिसरी असते, चार हुतात्म्यांची. त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, म्हणून सुट्टीची सूचनाही तिथंच. वर हुतात्मे आणि खाली नंदीध्वज मिरवणूक, असा फळा दुसऱ्या गावात बघायला मिळायचा नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली शाळा 'झेडपीची' झाली. आता ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे त्यांना परिपाठातल्या बातम्या आठवत असतील. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणी पुण्यावरून प्रादेशिक बातम्या लागायच्या. ज्याची पाळी असेल तो वहीचं पान आणि पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसायचा. निवेदक भरभर बोलायचा, अर्धं सुटायचं. मग वडिलांना विचारायचं, 'विधेयक म्हंजे काय?' वडिलांनाही माहीत नसायचं. साडेदहाला प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की तो कागद हातात धरून, पाय थरथरत असताना, 'आजच्या ठळक बातम्या' असं ओरडायचं. राष्ट्रपती, पाऊस, क्रिकेट. पंतोजी-मास्तरांची पारावरची वाचनाची जागा इथं पोरांनी घेतली, ही गोष्ट लहान नाही. पण बातमी अजूनही बाहेरचीच होती. शाळेच्या विहिरीला पाणी नाही, दुसरीचे गुरुजी दोन महिने आलेले नाहीत, ही बातमी परिपाठात कुणी वाचत नसे.

शाळेच्या आतलं वर्तमान घरात पोचायला लागलं ते भाताच्या वासानं, असं मी म्हणेन. १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहाराची योजना आली. आधी घरी न्यायला तांदूळ मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न द्यावं लागलं. मग चूल आली, गावातल्याच बाया शिजवायला आल्या. आज खिचडीत डाळ किती पडली, किती मुलं जेवली, तांदूळ कसा आला, हे दुपारी दोनपर्यंत अख्ख्या आळीला माहीत. विडी वळणाऱ्या आया घरबसल्या सूप मांडीवर घेऊन ही चर्चा करतात. पानं कापता कापता त्या शाळेचा जो हिशेब मांडतात, तो मी ऐकला आहे आणि तो पक्का असतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं या बोलण्याला कायद्याची जागा दिली. विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, अनुदानाच्या खर्चावर तिनं लक्ष ठेवायचं. फुल्यांनी मागितलेला हिशेब सव्वाशे वर्षांनी पालकाच्या हातात आला, निदान कागदावर.

निदान कागदावर हे शब्द मी दुःखानं लिहिते आहे. मी स्वतः एका शाळेच्या समितीवर दोन वर्षं होते. सभेचा निरोप बहुतेकदा सभा झाल्यावर यायचा आणि त्याबरोबर सहीसाठी रजिस्टर. एका तारखेच्या ठरावात माझं नाव 'सूचक' म्हणून होतं. त्या दिवशी मी तुळजापुरात होते. रजिस्टर घेऊन आलेला शिपाई उन्हातून आला होता, त्याला मी पाणी दिलं आणि सही केली. ती सही करायला नको होती. शेजारच्या वर्गातल्या मुलाच्या आईला तर आपण समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

याच जिल्ह्यानं शाळा आणि घर यांच्यातली भिंत किती पातळ होऊ शकते हेही दाखवलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या बातमीनं साऱ्या जगाला परितेवाडी कळली. त्याच वर्षी मार्चपासून शाळा बंद होत्या. सोलापूर शहरातल्या नीलमनगरमध्ये, जिथं बहुतेक पालक कापड उद्योगातले कामगार आणि घराघरांत स्मार्टफोन नाही, तिथं आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. सुमारे ३०० घरांवर अक्षरं, गणितं, व्याकरण. मुलं अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहत आणि वाचत. आईबाप कामावरून येताना तेच वाचत. क्यूआर कोडचं कौतुक मला आहेच, पण त्या भिंतींपुढे मी जास्त वेळ थांबेन. फळा शाळेच्या फाटकातून निघून लोकांच्या दारापर्यंत गेला, तो तेव्हा.

त्यानंतर व्हॉट्सअॅप आलं नाही, ते आधीच होतं. पण करोनानंतर शाळेची सगळी बातमी त्याच्यातून जायला लागली. स्पर्धांचं वारंही त्यात भरलं. २०२३-२४ पासून 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो काढून पाठवणं हे शिक्षकांच्या रोजच्या कामातच जमा झालं. बालआनंद मेळाव्यात पोरांनी मटकीची उसळ विकली, त्याचा फोटो. आषाढीच्या बालदिंडीचा फोटो. पाहुण्यांचा नारळ फोडतानाचा फोटो. शिक्षकांना मी दोष देत नाही, मागणारे वरचे असतात. पण या फोटोंची वाट पाहा: शाळेतून आसपासच्या शाळांच्या केंद्राला, केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. लोकल फंडाच्या काळातला शेरा जायचा तीच वाट. पालकांच्या ग्रुपवरही तेच फोटो येतात. पोरगी चौथीत आली तरी तिला वाचताना अडखळायला होतं, ही बातमी त्यात नसते.

म्हणून त्या शनिवारी मी पालकसभेला जाऊन बसले. ९ ची सभा, साडेनऊला सतराजण जमले. चौदा आया, दोन वडील आणि ती आजी. बाईंनी आधी मराठीत सांगितलं, मग पाचवीतल्या एका मुलीला उभं करून तेच तेलुगूत सांगायला लावलं. हजेरी, चाचणी, गणवेश. मग बाई म्हणाल्या, "आता तुम्ही बोला." कुणी बोलेना. शेवटी मागे भिंतीला टेकून उभे असलेले, रात्रपाळी करून आलेले एक वडील म्हणाले, "बाई, पाणी चार दिवसांनी येतंय ते ठीक आहे, पण टाकी कधी धुतली होती ओ? पोरगं सारखं पोट दुखतंय म्हणतंय." बाईंनी तारीख आठवून पाहिली, आठवली नाही, आणि तसं सांगितलं.

सोमवारी मी मुद्दाम फाटकावरून गेले. सुविचाराला त्या दिवशी जागाच ठेवली नव्हती. पटाखाली चौथीतल्या मुलाच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात होतं, 'टाकी रविवारी धुतली. सोबत तीन पालक होते. पुढची तारीख: दर महिन्याचा पहिला रविवार.' आणि त्याखाली तेच तेलुगू लिपीत, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं.