फेफरे, वसाहती आणि महिन्याची गोळी

मराठवाड्यात फेफऱ्याच्या रुग्णांसाठी वेगळी वसाहत कधी झाली नाही. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत मात्र एके काळी या आजाराच्या नावाने गावेच्या गावे वसवली गेली. त्यांना स्वतःची शेती होती, गोठे होते, बेकरी होती, चर्च होते आणि दफनभूमीसुद्धा होती. आपल्याकडचा रुग्ण घरातच राहिला, नाहीतर दर अमावास्येला सैलानीला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीबाबांच्या दर्ग्याला, नेला गेला. आपल्याकडे सोयी नव्हत्या म्हणून हळहळावे की सुटलो म्हणावे? हा इतिहास वाचताना माझे मत दोनदा बदलले. शेवटी जे मत बनले त्यात इमारतींपेक्षा गोळ्यांच्या पुरवठ्याला जास्त जागा आहे.

आधी आजाराविषयी थोडे. मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी एकमेकींशी व्यवहार करतात. काही पेशी शेजारणींना चेतवतात, काही आवरतात. हा तोल अचानक सुटला आणि पुष्कळ पेशी एकदम, एका तालात चेतल्या की फिट येते. चेतलेला भाग हाताच्या हालचालीचा असेल तर फक्त हात झटके देतो. सगळा मेंदू त्यात ओढला गेला तर माणूस कोसळतो, अंग ताठ होते, तोंडाला फेस येतो. काही मुले नुसती काही सेकंद शून्यात बघत राहतात आणि मास्तरांना वाटते पोराचे लक्ष नाही. एकदा फिट आली म्हणजे फेफरे जडलेच असे नसते. ताप, साखर कमी होणे, दारू एकदम सोडणे अशी तात्कालिक कारणे नसताना पुन्हा पुन्हा फिट येत असेल तर डॉक्टर अपस्माराचे निदान करतात.

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. गावात माणसे धावून येतात, कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल काढून नाकाशी धरतो, आणि तोवर ती दोन मिनिटे सरलेली असतात. श्रेय चपलेला जाते. हजारो वर्षे जगभरच्या उताऱ्यांना, ताईतांना आणि मंत्रांना असेच श्रेय मिळत आले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, दोरीने-साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हे गुन्हे ठरवले. त्यातले बरेच प्रकार फिट येणाऱ्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेले आहेत.

हा शरीराचा आजार आहे असे म्हणणारे जुन्या काळातही होते. चरकसंहितेत अपस्माराचे दोषांनुसार चार प्रकार दिले आहेत आणि त्यावर औषधे सांगितली आहेत. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहून ठेवले की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. पण पोथीत काही का असेना, रुग्णाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न राहिलाच. युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्याला एकच उत्तर होते, वेड्यांचे इस्पितळ. पॅरिसच्या साल्पेत्रिएर आणि बिसेत्रमध्ये फेफऱ्याचे रुग्ण मनोरुग्णांच्या सोबत कोंडलेले असत. पुढे त्यांचे वॉर्ड वेगळे झाले त्यामागे एक भीतीही होती, एकाची फिट पाहून दुसऱ्याला फिट येईल अशी.

लंडनमध्ये वेगळी सुरुवात झाली आणि ती डॉक्टरांनी केली नाही. जोहाना आणि लुईझा चँडलर या बहिणींच्या आजीला पक्षाघात झाला होता. असल्या रुग्णाला कुठलेच इस्पितळ घेईना. बहिणींनी शिंपले आणि मण्यांचे दागिने करून विकायला सुरुवात केली, भाऊ एडवर्ड मदतीला आला, आणि पैसा जमला. शहराचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर यांना स्वतःला पक्षाघाताचा अनुभव होता. त्यांनी सभा बोलावली. १८६० मध्ये क्वीन स्क्वेअर इथल्या एका घरात बायकांसाठी आठ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. ‘पक्षाघात आणि फेफऱ्याच्या रुग्णांसाठी राष्ट्रीय रुग्णालय’ असे त्याचे नाव होते. जगातल्या मेंदूविज्ञानाचे पुष्कळसे मूलभूत काम याच घरात झाले. जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन तिथे वर्षानुवर्षे रुग्णांच्या झटक्यांचे निरीक्षण करत बसत. झटका अंगठ्यापासून सुरू होऊन मनगट, कोपर, खांदा असा चढत जातो हे पाहून त्यांनी ओळखले की मेंदूत शरीराचा जणू नकाशाच मांडलेला आहे. फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातला अचानक, अतिरेकी विसर्ग, ही त्यांची १८७३ ची व्याख्या. त्यासाठी त्यांच्याकडे यंत्र कसलेही नव्हते. मेंदूतली वीज कागदावर उमटवणारा आलेख, म्हणजे ईईजी, जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी तर १८८६ मध्ये, या नकाशाच्या भरवशावर, तरुण रुग्णाच्या कवटीला छिद्र पाडून फिटचे मूळ असलेला व्रण काढून टाकला.

औषधाची कथा थोडी गमतीची आहे. १८५७ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक यांनी सांगितले की पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याने काही बायकांच्या, पाळीच्या दिवसांत येणाऱ्या फिट थांबल्या. ते औषध त्यांनी का निवडले? ब्रोमाइडने कामवासना कमी होते असा समज होता, आणि फेफऱ्याचा संबंध वासनेशी आहे असाही. दोन्ही समज मिळून तर्क चुकीचा होता, औषध मात्र लागू पडले. मेंदूला आवरणाऱ्या पेशींचे काम ते बळकट करते, हे पुढे कळले. गुंगी यायची, अंगावर पुरळ उठायचे, काही जण भ्रमिष्ट व्हायचे. तरी पन्नासेक वर्षे तेच एक औषध होते.

अर्ध्यामुर्ध्या औषधाच्या त्या काळातच वसाहतींची कल्पना फोफावली. जर्मनीत बीलेफेल्डजवळ १८६७ मध्ये बेथेल ही संस्था सुरू झाली आणि १८७२ पासून पाद्री फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग यांनी ती वाढवली. नोकरी देत नाहीत, शाळेत घेत नाहीत, मग आपलेच गाव वसवू, हा विचार. मोकळी हवा, शेतीकाम, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. शेवटच्या दोन गोष्टींना वैद्यकीय आधारही आहे, कारण जागरणाने फिट ओढवते. (योगायोग असा की जवळपास त्याच काळात नारायण शेषाद्री यांनी आपल्या जालन्याजवळही बेथेल नावाचे गाव वसवले होते. ते ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचे होते, फेफऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.) इंग्लंडमध्ये चॅलफंटची वसाहत १८९४ मध्ये आली, अमेरिकेत ओहायोचे सरकारी रुग्णालय १८९३ मध्ये आणि न्यूयॉर्कची क्रेग कॉलनी १८९६ मध्ये.

हेतू दयेचा होता याबद्दल मला शंका नाही. पण वेगळे ठेवण्याची सोय झाली की वेगळे ठेवणे हाच धर्म होऊन बसतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९१० मध्ये फेफऱ्याच्या रुग्णांची वसाहत काढली आणि पुढे ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या लोकांनाही तिथेच ठेवले. तिथल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. अशा कायद्यांखाली त्या देशात ६० हजारांवर माणसांची नसबंदी झाली. जर्मनीत हिटलरच्या सरकारने १९३३ मध्ये कायदा करून ‘आनुवंशिक फेफरे’ नसबंदीच्या यादीत घातले, आणि सुमारे चार लाख लोकांवर तो कायदा चालवला गेला. बेथेलच्या रहिवाशांवरही. १९३९ नंतर तर संस्थांमधल्या रुग्णांना मारण्याची मोहीमच निघाली. ज्यांची नावे, निदाने आणि खाटांचे क्रमांक नोंदवहीत नीट मांडलेले होते, त्यांना शोधायला वेळ लागला नाही. आपल्याकडे वसाहती झाल्या नाहीत ते बरेच झाले, असे माझे पहिले मत इथे बनले.

वसाहती ओस पडल्या त्या मात्र गोळ्यांमुळे. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण जर्मन डॉक्टरने, रात्री वॉर्डात शांतता राहावी म्हणून झोपेचे नवे औषध रुग्णांना दिले, असे सांगतात. झोप तर लागलीच, फिटही कमी झाल्या. ते औषध म्हणजे फेनोबार्बिटोन, आपल्या भागातल्या जुन्या रुग्णांना ‘गार्डिनल’ म्हणून पाठ असलेली गोळी. हाउप्टमान ज्यू होते. नाझींनी त्यांची नोकरी घालवली, छळछावणीत डांबले, आणि शेवटी ते अमेरिकेला निघून गेले. १९३८ मध्ये अमेरिकेच्या मेरिट आणि पुटनम यांनी दाखवून दिले की फेनिटॉइन हे औषध फारशी झोप न आणता फिट आवरते. ते ‘एप्टॉइन’ नावाने औषधाच्या दुकानात मिळते. खिशातली गोळी रोज घेतली तर कामावर जाता येते, मग गावाबाहेर राहायचे कशाला?

तिकडे हे चालू असताना मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश मुलखातल्या वेड्यांच्या इस्पितळांत फेफऱ्याचे रुग्ण भरती होत, वार्षिक अहवालांत त्यांचा वेगळा रकाना असे. निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय काही काळ जालन्यात होते, स्वातंत्र्यानंतर ते हैदराबादला एर्रागड्ड्याला गेले. मराठवाडा महाराष्ट्रात आला तेव्हा राज्याची मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला होती. चारही आपल्यापासून लांब. इथल्या माणसाला खरा आधार मिळाला तो १९५६ मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, म्हणजे घाटीचा, आणि सत्तरच्या दशकात आलेल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा. फेफरे तिथे मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रांगेतच तपासले गेले. ही गोष्ट मला सगळ्या वसाहतींपेक्षा शहाणपणाची वाटते. गावातल्या म्हाताऱ्याला ‘तुमच्या पोराला वेड्याच्या दवाखान्यात न्या’ म्हटले की तो उठून जातो. ‘घाटीला दाखवा’ म्हटले की तो तारीख विचारतो.

दवाखान्यांत आणखी एक कोडे सुटले. ऐंशीच्या दशकात देशात सीटी स्कॅन पसरला आणि फिट येणाऱ्या अनेक भारतीय रुग्णांच्या मेंदूत एक छोटी, चकाकणारी गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. काही गाठी कुठल्याही उपचाराशिवाय विरून जायच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शस्त्रवैद्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा बहुतेकांत डुकराच्या पट्टकृमीची अळी निघाली. शाकाहारी घरातही हा आजार होतो, कारण तो मांसातून येत नाही. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेत त्याची अंडी असतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून किंवा हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात, अळी रक्तातून मेंदूत पोचते आणि तिथे गाठ धरते. म्हणजे गावाबाहेर उघड्यावर बसणाऱ्या माणसांचा आणि गावातल्या फिटचा थेट संबंध आहे. हागणदारीमुक्तीच्या फलकांवर हे कुठे लिहिलेले मी पाहिले नाही.

कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात खेड्यातच फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन देऊन पाहिले. महागडी यंत्रे नव्हती, जुन्या दोन स्वस्त गोळ्या होत्या. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: आयुष्यात फिट थोड्या आल्या असतानाच ज्यांना गोळ्या सुरू झाल्या, त्यांना सर्वांत चांगला गुण आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट निदान व औषध मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. महाराष्ट्रात डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने आरोग्य विभागाच्या साथीने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली. शिबिरात निदान होते, हे मोठेच काम आहे. पण शिबिर उठून जाते आणि गोळी रोज लागते.

कायद्यानेही घोळ घातला होता. इंग्लंडने फेफऱ्यावरून लग्न रद्द ठरवण्याची तरतूद १९७० च्या आसपास काढून टाकली, आणि आपण १९७६ च्या दुरुस्तीने ती हिंदू विवाह कायद्यात घातली! ती जायला १९९९ उजाडले. सोयरिकीच्या बैठकीत ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही. मुलीचा आजार लपवून लग्न होते, सासरी गोळीची पट्टी सापडू नये म्हणून ती औषध बंद करते, आणि एकदम बंद केलेल्या गोळीने न थांबणारी फिट येऊ शकते. पाच मिनिटांवर चाललेली फिट ही जिवावरची गोष्ट आहे, तिथे वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

बीडच्या ऊसतोड कुटुंबांत हे सगळे एकत्र येते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, चार-सहा महिने फडात राहतात. पहाटे उठून तोड, रात्री-बेरात्री ट्रॅक्टर भरायचा, म्हणजे जागरण ठरलेले. हातात कोयता, जवळ विहीर, खोपीत चूल. दवाखान्यात जायचे तर दिवसाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेल्या महिन्याच्या गोळ्या महिनाभरात संपतात. परजिल्ह्यातल्या केंद्रात नाव नोंदलेले नसते, पुन्हा पहिल्यापासून कागद मागतात. ज्यांच्या फिट आटोक्यात आहेत, ज्यांना डोस बदलायची गरज नाही, अशांना टोळी निघण्याआधी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. सोबत डोस लिहिलेले कार्ड द्यावे आणि ते कार्ड साखर कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात चालावे. मुकादमाला फिट आल्यावर काय करायचे तेवढे सांगावे: कुशीवर वळवा, कोयता आणि चूल लांब करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. आशाताईच्या वहीत नावे आहेतच.