नारळीकर, झाकलेलं नाव आणि दोनशे पत्रिका

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. एक खगोलशास्त्रज्ञ संमेलनाध्यक्षपदापर्यंत पोहोचला, त्याची सुरुवात १९७४ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं, लेखक म्हणून नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांची ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी वाचा. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीने उतरवली होती.

नाव झाकून तपासायचं, हीच युक्ती २००८ मध्ये पुन्हा वापरली गेली, यावेळी फलज्योतिषावर. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून तो सिंह राशीत आल्यावर भरणारा सिंहस्थ कुंभमेळा साधारण बारा वर्षांनी. नाशिककरांना हे सांगायला नको. पण तोच गुरू पत्रिकेत बसून मुलाची बुद्धी ठरवतो का, हे तपासावं लागतं. नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या: १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका. कोणती कुणाची, एवढंच ओळखायचं. ५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरं २७ जणांनी पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. छापा-काटा केला असता तरी ५० च्या आसपास आली असती! सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० पाहिल्या, १०२ बरोबर.

चाळीसच का? दहा पत्रिकांत सात किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही १७ टक्के वेळा घडतं. त्याच प्रमाणात चाळीसपैकी अठ्ठावीस किंवा जास्त येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. घरगुती चाचण्या फसतात त्या इथेच: पत्रिका पाच-सहा, आणि चुकलेली उत्तरं कुणी मोजत नाही. दुसरी खोट पत्रिका देणाऱ्याकडून होते. त्याला उत्तर ठाऊक असतं आणि चेहरा बोलतो. म्हणून पत्रिकेवर फक्त क्रमांक टाकायचा. नाव-आडनाव-शाळा काही नको. क्रमांकांची यादी तिसऱ्याच माणसाकडे सीलबंद ठेवायची आणि सगळी उत्तरं लेखी हातात आल्यावरच फोडायची.